गयाबाईंची रांग

वाटूर फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्याला सावली मिळत नाही, म्हणून मी गयाबाईंच्या छपराखाली उभा राहायला लागलो. जालन्याच्या एका दैनिकासाठी परतूर तालुका पाहण्याचं काम माझ्याकडे होतं आणि परतीच्या बसचा भरवसा नसे. पहिल्या काही खेपांना गयाबाई बोलल्या नाहीत. मान खाली घालून कामट्या सोलत राहिल्या. मग एक दिवस मान वर न करताच त्यांनी विचारलं, "सावली फुकट भेटती का रं तुमच्या जालन्यात?"

मी आईसाठी एक सूप घेतलं. त्यांनी ते उलटं करून ठोकलं, सुलटं करून ठोकलं आणि माझ्या हातात दिलं.

"आता उभं राहा," त्या म्हणाल्या. "बिलकुल बिनघोर उभं राहा. पर त्या बांबूला टेकू नको. ते मयताचे हायेत."

छपराच्या कडेच्या खांबाला दोन लांब, सरळ बांबू लावलेले होते आणि त्यांच्या बुडाशी कामट्यांची मोळी होती. तिरडीचं सामान. ते गेलं की त्याच दिवशी दुसरं त्या जागी यायचं. गयाबाईंचं घर बुरुडाचं. पाचवीला बाळाला ज्या सुपात ठेवतात ते सूप त्यांच्याकडून, लग्नातल्या दुरड्या त्यांच्याकडून आणि शेवटचे दोन बांबूही त्यांच्याकडूनच. मुसलमान वस्तीत कुणी गेलं तर कबरीवर आडवे टाकायला बांबू लागत, तेही इथूनच जात.

या शेवटच्या गिऱ्हाइकासाठी त्यांच्या घरात दोन नियम होते. मयताचे बांबू मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही. घरात लग्न असो की समोर जेवणाचं ताट, ओल्या हातानं उठायचं. आणि जो आधी आला त्याला आधी. मयताचं नाव विचारायचं, ते एकदा मोठ्यानं म्हणायचं आणि मग बांबूला कोयता लावायचा. सासऱ्यांनी हे पाळलं, नवऱ्यानं पाळलं, नवरा गेल्यावर गयाबाईंनी पाळलं. "आमच्या दारातून मयताचं माणूस रिकामं गेलं न्हाई," हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणत, की फाट्यावरचे ऑटोवाले त्यांची नक्कल करताना याच वाक्यानं सुरुवात करत.

हे सोडलं तर गयाबाईंचा मुख्य गुण म्हणजे डूख. त्या विसरत नसत आणि विसरल्याचं नाटकही करत नसत. अंगानं काटक, उंचीनं कमी. उजव्या पायाच्या अंगठ्यात कामटी धरायची, दुसरं टोक दातात, आणि हातातला कोयता स्वतःकडे ओढत सोलायचं. दात रिकामे झाले की बोलायच्या. त्यामुळे त्यांचं बोलणं तुटक तुटक यायचं आणि ऐकणाऱ्याला पुढच्या तुकड्याची वाट पाहावी लागायची. त्यांच्याशी भांडण झालेल्या माणसाला ही वाट फार लांब वाटत असणार.

बसायला त्यांच्याकडे लाल प्लास्टिकचं एक घमेलं होतं. उपडं घातलेलं. बांबूच्या दुकानात प्लास्टिकचं घमेलं कसं, असं मी एकदा विचारलं.

फाट्यावर एक टेम्पोवाला यायला लागला होता. भोंगा लावून टब, बादल्या, प्लास्टिकची सुपं विकायचा. त्यानं टेम्पो नेमका गयाबाईंच्या छपरासमोर लावला आणि भोंग्यातून सांगितलं, की बांबूची टोपली भिजते, सडते, आमची सडत नाही. गयाबाई उठल्या, त्याच्याकडून हे घमेलं विकत घेतलं, त्याच्यासमोर उपडं घातलं आणि त्यावर बसल्या. तो येईल त्या प्रत्येक दिवशी त्याच्याकडे तोंड करून बसायच्या. घमेल्याला तडा गेला त्या दिवशी त्यांनी त्याला हाक मारली. "ये भाऊ, बघ. मी न्हाई मोडले. हे मोडलं."

"मग हे कुठलं?" मी विचारलं.

"दुसरं घेतलं त्याच्याकडूनच." कामटी दातात गेली, सोलून झाली, बाहेर आली. "दुश्मन संपला तर बसायचं कशावर?"

पाण्याची गोष्ट मला त्यांच्या सुनेनं, सुनीतानं सांगितली. गयाबाई नवी सून असताना वरच्या गल्लीतल्या एका मोठ्या घरी टोपल्या पोचवायला जात. त्या घरची बाई टोपली जमिनीवर ठेवायला सांगायची, तिच्यावर पाणी शिंपडायची आणि मगच हात लावायची. त्या घरचा मालक ओसरीवर बसून हे पाहत असे. वर्षं गेली. बाई वारली, मालक म्हातारा झाला, आणि नातीच्या लग्नासाठी दुरड्या घ्यायला तो स्वतः फाट्यावर आला. गयाबाईंनी त्याला सगळ्यात चांगल्या दुरड्या दिल्या. त्यानं नोट पुढे केली. गयाबाईंनी ती घेतली नाही. समोरच्या फळीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं नोट फळीवर ठेवली. कामट्या भिजत घातल्या होत्या त्या पाण्यात गयाबाईंनी बोटं बुडवली, नोटेवर पाणी शिंपडलं आणि मग ती उचलून कमरेला खोचली.

"म्हातारा काय म्हणाला?" मी सुनीताला विचारलं.

"काय म्हणंल? आत्या म्हणल्या, तुमच्यातलीच रीत हाये, मालक. बराबर करून राह्यले ना मी?"

साथीच्या काळात, दुसऱ्या लाटेत, मी त्यांना एकदाच भेटलो. बांबूचा ट्रक येत नव्हता आणि मरणं थांबत नव्हती. त्या दिवशी छपराखाली शिल्लक होते ते दोनच लांब बांबू. वीटभट्टीवरचा एक मजूर बापाचं नाव सांगून उभा होता. तेवढ्यात जीप आली. उतरलेल्या माणसाचं परतूरला मोठं दुकान होतं. त्यानं मजुराकडे पाहिलं नाही. म्हणाला, मावशी, आमचं जल्दी आहे, काय लागेल ते सांगा.

"लागंल ते एकच. ह्याच्या मागं उभं राहा."

"अहो, वरून आदेश आहे, वेळेत न्यावं लागतं."

"मयताला घाई नसती. घाई तुमाला हाये. मागं उभं राहा, दादा."

मजूर बांबू घेऊन गेला. गयाबाई उठल्या, कोयता घेतला आणि आपल्याच छपराचे दोन वासे काढले. वासे बांबूचेच होते. दुकानदाराच्या मयताचं नाव त्यांनी मोठ्यानं उच्चारलं आणि ते त्याला दिले. पुढचे काही महिने छपराची ती बाजू खाली लोंबत होती. म्हणजे परत पाठवायचं नाही हा नियमही राहिला आणि आधी आलेल्याला आधी हाही राहिला. पुढं जे झालं त्यात हे लक्षात ठेवणं गरजेचं आहे.

संस्था त्यानंतर आली. बांबूकाम करणाऱ्या घरांना प्रशिक्षण द्यायचं, नव्या वस्तू करायला शिकवायचं आणि त्या शहरात विकून द्यायच्या, असा तिचा प्रकल्प होता. फाट्यापासून थोड्या अंतरावर पत्र्याचं मोठं शेड उभं राहिलं. बांबू चिरायचं यंत्र आलं. बांबूला घुण, म्हणजे भोकं पाडणारी कीड, लागू नये म्हणून औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायची सिमेंटची लांब टाकी बांधली गेली. पुण्याहून एक प्रशिक्षक ताई यायची. ती दिव्यांच्या शेड, ट्रे, पेन ठेवायची भांडी शिकवायची.

या प्रकल्पानं काही केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सुनीता याआधी सासूच्या मागे डोक्यावर भारा घेऊन चालायची. वर्षभरात ती बँकेत एकटी जायला लागली, छत्रपती संभाजीनगरच्या प्रदर्शनात दुकान लावून बसली, गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलली. गयाबाईंनीही प्रशिक्षण घेतलं. पहिल्या दिवशी ताईनं सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी गया. तुमी काय शिकिवता ते बघाया आले." औषधाची टाकी त्यांना मनापासून आवडली. ताईला त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, की ह्यात बुडवलेला बांबू किती वर्षं टिकतो. ताई म्हणाली, कोरड्या जागी ठेवला तर पुष्कळ वर्षं. गयाबाईंनी टाकीच्या कडेवर हात फिरवला आणि मान डोलावली. दिव्याच्या शेडबद्दल मात्र त्यांचं मत होतं, की एवढं विणायचं आणि आत दिवा लावून झाकायचं कामून.

प्रकल्पाचे समन्वयक होते विनोद सर. बाहेरचे नव्हते. वाटूरचेच. गावच्या शाळेत आयुष्य काढलेल्या एका गुरुजींचा मुलगा, समाजकार्याची पदवी घेऊन आलेला. गयाबाई त्याला लहानपणापासून विन्या म्हणत. शेड उभं राहिल्यावर सर म्हणायला लागल्या आणि ते खरंच मानानं म्हणत. सरांनीच गयाबाईंना सांगितलं, की तुमचं फाट्यावरचं छप्पर आता मोडा, शेडमध्ये या, तिथंच सगळं काम करा. गयाबाईंनी अट घातली, की मयताचे बांबू दाराशी राहतील. सर हो म्हणाले.

काही महिन्यांत ते बांबू दाराशी नको वाटायला लागले. प्रकल्पाला पैसा देणाऱ्यांकडून पाहुणे येत, फोटो निघत. सरांनी आधी ते भिंतीच्या कोपऱ्यात नेले, मग शेडच्या मागे, संडासाच्या बाजूला. गयाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मावशी, माल तोच आहे ना? फक्त जागा बदलली. लोकांना माहीत आहे, मागून येतील." गयाबाई गप्प बसल्या. सुनीताला शेडमध्ये काम मिळालं होतं आणि सासू भांडली तर सुनेला जड जाईल, एवढं त्यांना कळत होतं.

कोंडाबाई ही गयाबाईंची मैत्रीण. शेतमजूर. दुपारी निंदणीवरून परतताना ती फाट्यावर थांबायची आणि दोघी एकाच चंचीतली तंबाखू मळून खायच्या. दोघींचं बोलणं मी ऐकलं आहे. त्यात प्रेमाचा एकही शब्द नसायचा.

"मेली न्हाईस का अजून?"

"तुझे बांबू वाकडे हायेत. सरळ आले की मरते."

"तुला कशाला सरळ? तू कुठं सरळ व्हतीस?"

ज्या दिवशी मुंबईहून मोठे पाहुणे यायचे होते, त्या दिवशी सकाळी कोंडाबाई वारली. तिचा मुलगा दत्ता फाट्यावर हमाली करतो. सरळ, कमी बोलणारा माणूस. तो शेडच्या फाटकाशी आला. आत गयाबाई संस्थेनं दिलेली एकसारखी साडी नेसून पाहुण्यांना दिव्याची शेड विणून दाखवत होत्या. फाटकाशी विनोद सर उभे होते.

सरांनी काय म्हटलं याबद्दल वाद नाही. ते स्वतःही नाकारत नाहीत. त्यांनी दत्ताला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि म्हणाले, "आता नको रे दत्ता. पाहुणे गेले की ये. थोडाच वेळ."

दत्ता समोरच्या हॉटेलाच्या बाकावर जाऊन बसला. पाहुणे जेवायला थांबले. जेवणानंतर त्यांनी टाकी पाहिली. बायकांसोबत फोटो काढले. दत्ताला घरून दोनदा बोलावणं आलं, दिवस कलायला लागला होता आणि नातेवाइकांना परत जायचं होतं. शेवटी त्यांनी कोंडाबाईला तिच्याच बाजेवर निजवलं आणि बाजेवरून नेलं.

गयाबाईंना संध्याकाळी कळलं. पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर साडी बदलताना कुणीतरी म्हणालं, कोंडाबाईचं वाईट झालं, बाजेवरून न्यावं लागलं. गयाबाई तशाच कोंडाबाईच्या घरी गेल्या. सुनीता त्यांच्यामागे गेली होती, तिनं सांगितलं. घराबाहेर बाज धुऊन भिंतीला उभी केलेली होती. सुंभातून पाणी गळत होतं. गयाबाई बाजेपुढे उभ्या राहिल्या. दत्ता बाहेर आला. त्यांनी विचारलं, "आल्तास का तू?"

"आल्तो, मावशी."

"कुणी परत पाठीवलं?"

दत्तानं सांगितलं. गयाबाई बसल्या नाहीत, रडल्या नाहीत, घरात गेल्या नाहीत. परत येताना रस्त्यात सुनीता म्हणाली, "सरांना माहीत नसंल, आत्या." गयाबाई म्हणाल्या, "इथं जल्मला तो. त्याच्या आज्याचे बांबू माझ्या सासऱ्यानं दिले."

दुसऱ्या दिवशी त्या शेड सोडतील असं सगळ्यांना वाटलं. सोडलं नाही. वेळेवर आल्या आणि जे सांगितलं ते विणलं. सोडलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. फक्त एक केलं. कोंडाबाईसाठी काढायचे होते ते दोन बांबू संडासामागून आणून त्यांनी शेडच्या फाटकाला लावले.

सर म्हणाले, "मावशी, हे इथं नको."

"गिऱ्हाइकाचे हायेत. गिऱ्हाईक येऊन गेलं. माल द्यायचा राह्यलाय."

सरांनी ते हलवले. गयाबाईंनी परत आणले. हे किती दिवस चाललं माहीत नाही, पण शेवटी सरांनी हलवायचं सोडून दिलं. माफी मागून पाहिली. सुनीतासमोर हात जोडले. गयाबाई कामटी दातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि दात रिकामे झाल्यावरही काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी सरांना कुठल्याच नावानं हाक मारली नाही. कामाचं काही विचारायचं असलं तर त्या यंत्राकडे पाहून विचारत. बाकीच्या बायकांची फार पंचाईत व्हायची, कारण हसू यायचं आणि हसता येत नसे.

पुढच्या पाहुण्यांपैकी एका बाईंना ते फाटकावरचे बांबू फार आवडले. किती साधं, किती गावाकडचं, असं म्हणून त्यांनी दोन बांबूंच्या मधे उभं राहून फोटो काढून घेतला. संस्थेच्या माहितीपत्रकावर तो फोटो छापला गेला. माझ्याकडे त्याची प्रत आहे. बाई प्रसन्न हसतायत आणि कडेला अर्धे दिसणारे विनोद सर जमिनीकडे पाहतायत.

"कोंडीच्या बांबूत उभी राहून हसून राह्यली," गयाबाई मला म्हणाल्या. "कोंडी असती तर लोळली असती."

मधे दोन पावसाळे गेले. मग गुरुजी वारले.

मी त्या दिवशी तिथे नव्हतो. जे पुढं झालं ते पाहिलेल्यांपैकी तिघांशी मी बोललो आणि तिघांच्या सांगण्यात जिथे फरक आहे तिथे तो तसाच ठेवतो.

विनोद सर दोन चुलत भावांबरोबर अनवाणी शेडवर आले. गयाबाई लाल घमेल्यावर बसल्या होत्या. गुरुजी गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं आणि त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून कोयता मांडीवर घेतला होता. सुनीता सांगते, सकाळपासून ती सासूवर नजर ठेवून होती. सासू गुरुजींना बांबू नाही म्हणाली तर घराची पिढ्यांची रीत मोडणार आणि हो म्हणाली तर सासू आतून मोडणार, असं तिला वाटत होतं. काल परवापर्यंत गावातही हीच कुजबुज होती. गुरुजी आजारी होते आणि सगळ्यांना ही वेळ येताना दिसत होती.

"मयताचं नाव?" गयाबाईंनी विचारलं.

सरांनी वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. गयाबाईंनी ते मोठ्यानं उच्चारलं. शेडमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग गयाबाई म्हणाल्या, "देते. सगळ्यात चांगले देते. पर तुझ्या आधी एक नंबर हाये."

सरांनी फाटकाकडे पाहिलं.

"कुणाचा नंबर?" एक चुलत भाऊ म्हणाला.

"कोंडाबाईचा."

"मावशी, ही काय वेळ आहे का?"

"हीच वेळ हाये," गयाबाई म्हणाल्या. "तिचीबी हीच व्हती."

सुनीता पुढे झाली. "आत्या, गुरुजींचं काय चुकलं? जाऊ द्या आता."

"गुरुजींचं काय न्हाई चुकलं. म्हणून तर त्यांचे न्हाई अडीवले. ह्यानं तिचे अडीवले, ह्यानंच पोचवायचे." मग पहिल्यांदाच दोन वर्षांत त्या सरांकडे पाहून बोलल्या. "जा, विन्या. थोडाच येळ."

फाटकाचे दोन बांबू सरांनी खांद्यावर घेतले. चुलत भाऊ हात लावायला गेला तर गयाबाईंनी कोयत्याचा दांडा घमेल्यावर आपटला. तो मागे सरला. शेडपासून कोंडाबाईच्या घराचा रस्ता फाट्यावरून जातो. बस उभी होती. हॉटेलातले लोक चहा हातात धरून उठले. खांद्यावर मयताचे बांबू, घरी बाप निजलेला आणि चालला उलट्या दिशेला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी माहीत असलेल्यांना विचारलं आणि सर कोंडाबाईच्या घरी पोचेपर्यंत सगळ्या फाट्याला माहीत झालं.

दत्ता दारात होता. तो काय म्हणाला याबद्दल तिघांचं एकमत नाही. हॉटेलवाला म्हणतो, दत्तानं बांबू घेतले आणि दार लावून घेतलं. ऑटोवाला म्हणतो, दत्ता रडला. सुनीता सरांच्या मागोमाग गेली होती, आणि तिचं सांगणं मला जास्त खरं वाटतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे दत्तानं विचारलं, "गुरुजी गेले का?" सर हो म्हणाले. दत्तानं बांबू उतरवून घेतले, आत नेऊन बाजेशेजारी ठेवले, बाहेर येऊन पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाला, "चला."

सर परत आले तेव्हा गयाबाईंनी गुरुजींचे बांबू काढून ठेवले होते. अख्ख्या ढिगातले सरळ, एका उंचीचे. कामट्यांच्या कडा त्यांनी तासल्या होत्या, हाताला कुसळ लागू नये म्हणून. तिरडीच्या कामट्या कुणी तासत नाही.

दत्तानं गुरुजींना खांदा दिला. गयाबाईंना ते आवडलं नाही. मी पुढं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्याच्याकडचं त्यानं सोडलं. त्याचा सोभाव. माझ्याकडचं मी कामून सोडू?"

प्रकल्पाची मुदत संपली तशी संस्था गेली. विनोद सर आता जालन्यात, नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या कार्यालयात आहेत. मी त्यांना भेटलो तेव्हा ते मोकळेपणानं बोलले. त्या दिवशी पाहुण्यांना तिरडी दिसली असती तरी काही बिघडलं नसतं, हे त्यांना आता कळतं असं म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण तेव्हा पैसा बंद झाला असता तर या बायकांना मीच तोंड देणार होतो. ते कुणी मोजत नाही." हे मी गयाबाईंना सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.

शेड अजून चालतं. सुनीता आणि इतर बायका चालवतात. शहरातल्या मागण्या संस्था असताना यायच्या तेवढ्या येत नाहीत, पण सणासुदीला दिव्यांच्या शेड जातात आणि सुनीता फोनवर हिंदीत घासाघीस करते. फाटकाच्या डाव्या हाताला दिव्यांच्या शेड टांगलेल्या असतात आणि उजव्या हाताला मयताचे बांबू उभे असतात. याबद्दल आता कुणी काही विचारत नाही.

गयाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या उन्हाळ्यात. दृष्टी कमी झाली होती, कामटी चाचपून धरत होत्या. घमेलं लालच होतं, कितवं ते विचारलं नाही. माझी बस यायला वेळ होता. शेडच्या आत, सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात, दोन लांब बांबू वेगळे उभे केलेले दिसले. रंग जरा हिरवट, औषधात बुडवून काढलेल्या बांबूला येतो तसा.

"हे कुणाचे?" मी विचारलं. "मयताचे तर दाराशी आहेत."

गयाबाईंनी दातातली कामटी काढली.

"विन्याचे."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. सुनीतानं मान खाली घातली, म्हणजे चुकीचं ऐकलं नव्हतं.

"मी काय राहीन त्याच्या येळंला? न्हाई राहायची. मंग लाईनीत उभं राहायला लागंल त्याच्या लोकान्ला. म्हणून आधीच काढून ठिवले. सुनीतानं फकस्त नाव घेयाचं आन द्यायचं." त्या उठल्या, भिंतीला धरत कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि दोन्ही बांबूंवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, कुठं बारीक भोक पडलंय का ते पाहत. पडलेलं नव्हतं.

"संस्थेच्या टाकीत बुडवून घेतलेत," त्या म्हणाल्या. "त्याला काय जल्दी न्हाई. कितीबी वर्षं थांबत्याल."

बस आली. मी निघालो तेव्हा त्या परत घमेल्यावर येऊन बसल्या होत्या, तोंड जालन्याच्या रस्त्याकडे करून.